गावातलं बंदुकांचं दुकान बंद होतंय: स्वतंत्र दुकानदार आणि मोठ्या साखळ्या (अमेरिका)

सस्क्वेहानाकाठी (धागाकर्ता)

मंडळी, बंदुका असाव्यात की नसाव्यात यावर इथे बऱ्याचदा चर्चा झालीय. हा धागा त्यासाठी नाही. मी मध्य पेनसिल्व्हेनियात राहतो. आमच्या गावातलं बंदुकांचं एकुलतं एक स्वतंत्र दुकान या हिवाळ्यात बंद होतंय. मालक थकलाय, मुलं दुसऱ्या व्यवसायात गेलीत आणि हायवेला लागून दोन मोठी साखळी दुकानं उभी आहेत. कुणी म्हणेल, एक दुकान गेलं तर काय बिघडलं, तीच बंदूक दुसरीकडे मिळेल. मला ते पटत नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी इथलं चित्र सांगतो. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा या भागात हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस असायचा आणि शाळांना चक्क सुट्टी असायची. २०१९ पासून हंगाम शनिवारी सुरू होतो, तरी बऱ्याच शाळांनी सोमवारची सुट्टी तशीच ठेवलीय. या राज्यात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक (गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी) रायफल चालत नाही. त्यामुळे घराघरांत बोल्ट, लिव्हर किंवा पंप अ‍ॅक्शनच्या, म्हणजे दर वेळी पुढची गोळी हाताने भरायच्या रायफली दिसतात. रेमिंग्टनची ७६० ही पंप रायफल १९५२ ते १९८१ या काळात बनली, आणि आजही इथल्या निम्म्या जुन्या घरांत ती असावी असं वाटतं. आजोबांची रायफल नातवाकडे येते, मग तिचा एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा) तुटतो किंवा मॅगझिन नीट बसत नाही. साखळी दुकानात तिला हात लावणारं कुणी नाही. आमचा दुकानदार मागच्या खोलीत जातो, खोकी धुंडाळतो आणि कुठल्यातरी मोडक्या रायफलीचा तुकडा काढून बसवून देतो.

पैशांचं गणित मात्र त्याच्या बाजूने नाही. नव्या रायफलीची जाहिरातीतली किमान किंमत बऱ्याच कंपन्या स्वतःच ठरवून देतात. मोठी साखळी थेट कारखान्यातून हजारोंनी माल उचलते. छोटा दुकानदार वितरकाकडून दोन-दोन, चार-चार नग घेतो. तो मला म्हणाला होता की नव्या बंदुकीमागे दहा-बारा टक्के सुटले तरी त्याला पुष्कळ झाले. काडतुसांची तर वेगळीच कथा. हंगामाच्या तोंडावर साखळीच्या शेल्फवरची किंमत त्याच्या घाऊक खरेदीपेक्षा कमी असते. ती खोकी तिथूनच आणून आपल्या दुकानात विकावीत असं वाटण्याइतकी कमी. म्हणून असं दुकान जगतं ते जुन्या बंदुकांवर, दुरुस्तीवर, आणि लोकांनी ऑनलाइन घेतलेल्या बंदुकांच्या ट्रान्सफर फीवर. ऑनलाइन घेतलेली बंदूक थेट घरी येत नाही, परवानाधारक दुकानदाराकडेच येते आणि कागदपत्रं तिथे होतात. हा नियम १९६८ च्या कायद्याचा. राष्ट्राध्यक्ष केनेडींना ज्या रायफलीने मारलं ती १९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली होती, तेव्हा हे सहज चालत असे.

पण मी त्या दुकानात जातो ते पैशांमुळे नाही. एका संध्याकाळचं सांगतो. एक तरुण आणि त्याची मैत्रीण आले. पिस्तुलं तोच बघत होता, हातात घेऊन तोलतही तोच होता. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा लायसन्स काढलं तिने. ४४७३ या सरकारी फॉर्मवर अगदी सुरुवातीलाच प्रश्न असतो की खरा खरेदीदार तुम्हीच का, की दुसऱ्या कुणासाठी घेताय. दुकानदाराने फॉर्म पुढे सरकवलाच नाही. तिला विचारलं, "ही तू चालवणार? कुठे? याआधी कधी चालवलीयस?" तिने उत्तर द्यायच्या आधी त्याच्याकडे पाहिलं. दुकानदाराने पिस्तूल उचलून काचेत परत ठेवलं, कुलूप लावलं आणि म्हणाला, "आज विक्री होणार नाही." तरुणाने आवाज चढवला, तरी याने ते वाक्य बदललं नाही. त्या महिन्याचं भाडं कसं निघणार याची चिंता असलेला माणूस होता तो.

बंदुकीच्या धंद्यात काउंटरमागचा माणूस "नाही" म्हणू शकतो का, हाच माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. तुमचे अनुभव लिहा.

रानपाखरू_ओहायो

अगदी सहमत. माझ्या नवऱ्याने पहिली रायफल एका मोठ्या साखळीतून घेतली होती, स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवून, "झीरो करून दिलीय", म्हणजे नेम जुळवून दिलाय, असं सांगून दिलेली. रेंजवर गोळ्या कागदावर कुठेही लागायच्या. त्याला वाटलं आपलाच हात हलतोय, बिचारा आठवडे सराव करत राहिला. शेवटी गावातल्या गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) नेली. त्याने बोटाने स्कोप ढकलला तर तो जागचा हलला. बेसचे चारही स्क्रू हातानेच आवळलेले होते. त्याने ते काढले, तेल पुसलं, टॉर्कच्या पेचकसाने एकेक करून मापात आवळले. पंधरा मिनिटांचं काम. ज्याने तो स्कोप बसवला तो मुलगा आदल्या आठवड्यात कदाचित सायकली जोडत असेल. त्याची चूक नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही.

मीरा_एडिसन

धागा वाचला, पण माझा अनुभव अगदी उलटा आहे आणि तो मांडणं गरजेचं वाटतं.

मी न्यू जर्सीत राहते. इथे साधी शॉटगन घ्यायलाही आधी पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात. ते सगळं मी केलं, ओळखपत्र माझ्या नावावर. नेमबाजी शिकायची हौस माझी, नवरा फक्त गाडी चालवायला बरोबर आलेला. एका छोट्या, स्वतंत्र दुकानात गेलो. दुकानदार प्रत्येक प्रश्न नवऱ्याला विचारत होता. मी विचारलं की उत्तरही त्यालाच देत होता. भिंतीवर राजकीय घोषणांचे फलक, आणि आम्ही आत शिरल्यावर गप्पा मारणारे चार जण एकदम गप्प झाले. मी परत तिथे पाऊल टाकलं नाही.

नंतर एका साखळी दुकानात गेले. काउंटरवर एक मुलगी होती, तिने माझ्या खांद्यापासून कोपरापर्यंतचं माप बघून दस्ता लांब होतोय हे सांगितलं आणि आखूड दस्त्याची बंदूक काढून दिली. ज्याला तुम्ही "ओळखीचं दुकान" म्हणता ते ओळखीच्या लोकांसाठीच असतं. आमच्यासारख्यांना तिथे ओळख कोण करून देणार? आणि दुकानदाराच्या मर्जीवर "नाही" म्हणायचा अधिकार सोपवला तर तो कुणाला नाही म्हणेल, हेही विचारात घ्या.

सस्क्वेहानाकाठी

मीराताई, तुमचा शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे. अशी दुकानं मीही पाहिलीत, आणि त्यांच्यापैकी एखादं बंद पडलं तर मला वाईट वाटणार नाही. साखळीत निदान वागणुकीचे नियम लेखी असतात आणि तक्रार करायला कुणीतरी असतं. ओळखीच्या जोरावर जगणाऱ्या दुकानाने नव्या माणसाशी ओळख करून घ्यायलाच हवी, नाहीतर त्याचा उपयोग काय.

डॅलसकर

मी रिटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे साखळ्यांची बाजू थोडी मांडतो. भावनेने पाहिलं तर छोटा दुकानदार जवळचा वाटतो, पण सुरक्षेच्या दृष्टीने चित्र तसं सरळ नाही.

खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणारी एनआयसीएस ही यंत्रणा १९९८ मध्ये सुरू झाली. उत्तर तीन प्रकारचं येतं: पुढे जा, थांबा, नाकारलं. "थांबा" आलं आणि तीन कामकाजाच्या दिवसांत पुढचं उत्तर आलं नाही, तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे सहसा दुकानदार बंदूक देऊ शकतो. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये जून २०१५ मध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं होतं. दुकानदाराने कायदा मोडला नव्हता. वॉलमार्टचं धोरण मात्र कायद्यापेक्षा कडक आहे. स्पष्ट होकार आल्याशिवाय बंदूक द्यायची नाही, मग कितीही दिवस लागोत. काउंटरवरच्या व्यवहाराचं चित्रीकरणही करतात. त्यांनी पिस्तुलं विकणं अलास्का सोडून सगळीकडे १९९३ मध्येच बंद केलं, एआर-१५ सारख्या लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली २०१५ मध्ये, आणि टेक्सासमधल्या एल पासोच्या त्यांच्याच दुकानातल्या हल्ल्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये पिस्तुलांची काडतुसं आणि अलास्कातली पिस्तुलंसुद्धा.

दुसरी बाजू वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाच्या एका स्वतंत्र दुकानाची. २००२ मध्ये राजधानी वॉशिंग्टन डी.सी.च्या परिसरात लपून गोळ्या घालणाऱ्या दोघांची रायफल या दुकानातून गेलेली होती. दुकानाकडे तिच्या विक्रीची नोंदच नव्हती, आणि तपासणीत दोनशेहून जास्त बंदुकांचा हिशेब लागला नाही. मालक कसा का असेना, वहीच नीट नसेल तर सगळं व्यर्थ.

अर्थात साखळ्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असं नाही. कॅलिफोर्नियात वॉलमार्टला २००३ मध्ये बंदूकविक्री थांबवावी लागली होती, कारण राज्य सरकारला नियमभंगाची ढीगभर प्रकरणं सापडली. २००५ मध्ये १ कोटी ४५ लाख डॉलर देऊन ते मिटलं. आज जी कडक पद्धत दिसते ती अशा दणक्यांनंतर आलीय.

अबोली

मी फ्लोरिडात राहते, दोन मुलं शाळेत जातात. लॉकडाऊन ड्रिल (शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचा सराव) काय असतं हे माझ्या धाकटीने मला पहिलीत असताना समजावून सांगितलं: दिवे बंद, भिंतीला टेकून बसायचं, बुटांचे लाइट लागू द्यायचे नाहीत. त्यामुळे कुठल्याही बंदुकीच्या दुकानाबद्दल मला माया वाटणं शक्य नाही, हे आधीच सांगते.

पण साखळ्यांबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. १४ फेब्रुवारी २०१८ ला पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेले. दोन आठवड्यांत डिक्स स्पोर्टिंग गुड्स या क्रीडासाहित्याच्या साखळीने जाहीर केलं की एआर-१५ सारख्या रायफली त्यांच्या उरलेल्या पस्तीस दुकानांतूनही विकणार नाही आणि २१ वर्षांखालच्या कुणालाही कुठलीच बंदूक देणार नाही. वॉलमार्टनेही वयाची अट त्याच दिवशी वाढवली. त्या हल्लेखोराला डिक्सने आधी एक शॉटगन विकली होती. हल्ल्यात वापरलेली ती नव्हती, तरी प्रमुख एडवर्ड स्टॅक यांना ते सहन झालं नाही. उरलेल्या सुमारे ५० लाख डॉलरच्या रायफली कंपनीने परत न पाठवता तोडून टाकल्या. ग्राहक तुटले, काही कर्मचारी सोडून गेले, तरी निर्णय फिरवला नाही. शेकडो गावांत एका दिवसात हे घडवून आणणं कुठल्या छोट्या दुकानदाराच्या हातात आहे?

सस्क्वेहानाकाठी

अबोलीताई, त्या निर्णयाबद्दल मला आदरच आहे. डिक्सचं मुख्यालय आमच्याच राज्यात, पिट्सबर्गजवळ आहे. एडवर्ड यांच्या वडिलांनी, डिक स्टॅक यांनी, १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला मासेमारीचं सामान विकणारं एक लहानसं दुकान काढलं, तिथून ही साखळी वाढली. मालक घरचाच माणूस होता, म्हणूनच असा निर्णय झाला असं मला वाटतं. बहुतेक साखळ्यांत दुकानाचा मॅनेजर दर दोन वर्षांनी बदलतो आणि असा निर्णय घ्यायला कुणी मालकच नसतो.

डॅलसकर, टकोमाचं उदाहरण बरोबर आहे. त्यात भर घालतो. एटीएफ या बंदुकांच्या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याने २००० साली अहवाल दिला होता. गुन्ह्यांत सापडलेल्या ज्या बंदुका चालू दुकानदारांपर्यंत मागे नेता आल्या, त्यातल्या ५७ टक्के फक्त १.२ टक्के दुकानदारांकडून गेलेल्या होत्या. म्हणजे बाकीच्या बहुतेकांच्या बंदुका त्या यादीत जवळजवळ नाहीतच. मला चीड येते ती याची की बाजारातून आधी हेच बाकीचे बाहेर पडतात. किमतीच्या स्पर्धेत जो विक्री नाकारतो तोच पहिला मरतो. गैर मार्गाने विकणाऱ्याला साखळीच्या स्वस्त किमतीची भीती नसते, त्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं.

समुपदेशक_न्यू_हॅम्पशायर

"नाही म्हणू शकतो का" या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे.

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. बातम्यांत त्या येत नाहीत. २००९ मध्ये आमच्या राज्यात एकाच दुकानातून, एका आठवड्याच्या आत, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तिघांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांतच आपलं आयुष्य संपवलं. तपासणीत तिघेही पास झाले होते. मालक राल्फ डेमिको यांना हे कळल्यावर त्यांनी विक्रीच्या टेप पुन्हा पाहिल्या, आपल्याला काही दिसायला हवं होतं का म्हणून. पुढे ते, इतर दुकानदार आणि आत्महत्या-प्रतिबंधाचं काम करणारे लोक एकत्र बसले आणि "गन शॉप प्रोजेक्ट" उभा राहिला.

त्यात दुकानदारांना साध्या गोष्टी सांगितल्या जातात. बंदुकीची काहीच माहिती नाही, देखभालीबद्दल एकही प्रश्न नाही, कुठली दिली तरी चालेल, आणि आजच हवी, अशा गिऱ्हाइकाशी जरा बोलत राहा. शंका आली तर विकू नका, कायदा तुम्हाला विकायला भाग पाडत नाही. काउंटरवर माहितीपत्रकं ठेवा. ही पद्धत नंतर इतर अनेक राज्यांत गेली.

आणखी एक. घरात कुणी खचलेलं असेल तर काही दुकानं घरातल्या बंदुका काही काळ ठेवून घेतात. कोलोरॅडोसारख्या राज्यात अशा ठिकाणांचे नकाशे उपलब्ध आहेत. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी सांगते तेव्हा पोलीस चौकीत जायला लोक बिचकतात, पण ओळखीच्या दुकानदाराकडे जातात. कंपनीचा शिक्का असलेल्या काउंटरवर कुणी असं बोलायला जाईल असं मला वाटत नाही. (हे वाचणाऱ्या कुणाला गरज असेल तर अमेरिकेत ९८८ वर चोवीस तास फोन किंवा मेसेज करता येतो.)

मीरा_एडिसन

हा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं. माझी अट एवढीच राहील की हे शिक्षण साखळीच्या काउंटरवरच्या मुलामुलींनाही द्यावं. मला दस्त्याचं माप समजावणारी ती मुलगी हे नक्की करू शकली असती.

देवरुखची_वाट

भारतातून लिहितोय. आमच्याकडे कोकणात अजूनही काही घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, रानडुकरं आणि माकडांसाठी. साखळी दुकान हा प्रकारच नाही. १९५९ चा शस्त्र कायदा, जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद-दुसरा परवानाधारक विक्रेता. पण वरच्या ताईंनी लिहिलेली ठेव आमच्या कायद्यातच आहे: परवाना संपला किंवा धारक वारला तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायला सांगतात. आमच्या काकांची बंदूक ते गेल्यावर विक्रेत्याकडे ठेवली होती. वारसाच्या नावावर परवाना होईपर्यंत त्याने ती तेल लावून, कापडात गुंडाळून सांभाळली. ठाण्यातल्या जमा बंदुकांची नळी आतून गंजून येते, हा गावातला नेहमीचा अनुभव.

नवा_पिट्सबर्ग

काका, एक प्रश्न. मी एच-१बी व्हिसावर आहे, ऑफिसातले लोक शिकारीला बोलावतात. साखळी दुकानातून रायफल घेता येईल का? तिथे प्रश्न कमी विचारतात असं ऐकलं.

सस्क्वेहानाकाठी

अरे बाबा, घाई करू नकोस. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा आहे. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणंच नाही, जवळ बाळगणंही बेकायदा आहे. दुसऱ्याची हातात घेतली तरी त्यात येतं. ठरावीक अपवाद आहेत, त्यातला तुझ्या कामाचा म्हणजे वैध शिकार परवाना. तो असला तर मार्ग निघतो, पण आधी इमिग्रेशन वकिलाशी बोल, कारण इथे चूक झाली तर ग्रीन कार्डाचं सगळं स्वप्न जाईल. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो, तो तसाही कर.

आणि कुठेही गेलास तरी फॉर्म तोच, नागरिकत्वाचे प्रश्न तेच. प्रश्न कमी विचारणारं दुकान शोधू नकोस. तुझ्यासारख्याला उलट जास्त प्रश्न विचारणारं दुकान हवं. आमच्या दुकानदाराने मला ग्रीन कार्ड मिळायच्या आधी दोनदा परत पाठवलं होतं, नीट समजावून.

रानपाखरू_ओहायो

एक शंका. दुकान बंद झालं की त्याच्या इतक्या वर्षांच्या नोंदींचं काय होतं? आणि दुरुस्तीला दिलेल्या लोकांच्या बंदुकांचं?

सस्क्वेहानाकाठी

परवाना सोडल्यावर तीस दिवसांत सगळ्या नोंदवह्या आणि ४४७३ फॉर्म एटीएफकडे पाठवावे लागतात, वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला. बंद झालेल्या दुकानांचे कागद तिथे गोळा होतात. त्यांची प्रतिमा काढून ठेवतात, पण नाव टाकून शोधता येईल अशी यादी करायला कायद्याची मनाई आहे. त्यामुळे एखादी बंदूक गुन्ह्यात सापडली की माणसांना पानं चाळत बसावं लागतं. आमच्या दुकानदाराच्या जुन्या वह्या हाताने लिहिलेल्या आहेत, अक्षर सुवाच्य आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना त्रास होणार नाही.

दुरुस्तीच्या बंदुकांचं सोपं आहे. ज्याने दिली त्यालाच परत देताना नवा फॉर्म लागत नाही. तेच दुसऱ्या कुणाकडे गेली तर लागतो. म्हणून तो सध्या एकेकाला फोन करून बोलावतोय. काही मालक वारलेत, त्यांच्या वारसांना शोधतोय. आमच्या भागातलं कुणी हे वाचत असेल आणि वडिलांची किंवा आजोबांची रायफल तिथे पडलेली असेल, तर या महिनाअखेरीपर्यंत पावती घेऊन जाऊन या. पावती हरवली असली तरी जा, सिरियल नंबरवरून तो शोधून देतोय. पुढच्या दुरुस्तीसाठी पलीकडच्या काउंटीतल्या एका गनस्मिथचा पत्ताही देतो. कुणाला हवा असेल तर मला निरोप पाठवा.